महाविद्यालयाचा पर्यावरणी जमाखर्च

कंधारला पाहुणा आला की त्याला किल्ला दाखवायला नेतात. हा भुईकोट किल्ला आहे. त्याच्याभोवती खोल खंदक आहे आणि खंदकात पाणी आहे. गावाजवळच जुना तलाव आहे, त्याचे नाव जगत्तुंग समुद्र. खरा समुद्र इथून शेकडो किलोमीटर दूर आहे, तरीही राष्ट्रकूटांच्या काळातील लोकांनी पावसाचे पाणी अडवले आणि त्या साठ्याला अभिमानाने 'समुद्र' म्हटले. किल्ल्याशी राष्ट्रकूट राजा तिसरा कृष्ण याचे नाव जोडले जाते. त्याची कारकीर्द इ. स. ९३९ ते ९६७ अशी होती. म्हणजे सुमारे हजार वर्षांपूर्वी या गावात पावसाचा हिशेब करणारे कोणीतरी होते.

त्याच गावातल्या एखाद्या पदवीच्या विद्यार्थ्याला आज विचारून पाहावे, "तुझ्या महाविद्यालयाला रोज किती पाणी लागते? ते कुठून येते? त्याच्या छपरावर वर्षभरात किती पाऊस पडतो?" बहुधा उत्तर येणार नाही. मात्र 'हरितगृह परिणामावर टीप लिहा' असे म्हटले तर तो पानभर लिहील. या लेखाचा विषय ही दोन उत्तरांमधली तफावत आहे.

पुस्तक आले, हिशेब आला नाही

सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर निकाल देताना शिक्षणाच्या सर्व पातळ्यांवर पर्यावरण हा विषय सक्तीचा करावा, असे सांगितले. पुढे विद्यापीठ अनुदान आयोगाने पदवीसाठी सहा महिन्यांचा सक्तीचा अभ्यासक्रम तयार केला. नांदेडचे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ आणि महाविद्यालयांचे मूल्यमापन करणारी 'नॅक' या दोन्ही संस्था १९९४ सालच्या. नॅकच्या २०१७ च्या चौकटीत पर्जन्यजल संचय, अपारंपरिक ऊर्जा, कचरा व्यवस्थापन आणि हरित लेखापरीक्षण यांची विचारणा होऊ लागली. त्यानंतर अनुदान आयोगाने पर्यावरणस्नेही परिसरासाठी 'सतत' नावाचा आराखडा काढला.

ही वाट एकट्या भारताची नाही. १९९० साली फ्रान्समधील तालुआर या गावी निरनिराळ्या देशांतील २२ विद्यापीठप्रमुख एकत्र आले. शिकवणे, संशोधन करणे आणि स्वतःचा परिसर चालवणे या तिन्ही कामांत पर्यावरणाचा विचार करू, असा जाहीरनामा त्यांनी केला. आज त्यावर पाचशेहून अधिक संस्थांच्या सह्या आहेत.

पण जाहीरनामा, आराखडा आणि अहवाल यांच्यात एक गोष्ट निसटण्याचा धोका असतो. लेखापरीक्षण करायचे तर आधी लेखा हवा. ज्या दुकानात रोजकीर्द आणि खतावणीच नाही, तिथे लेखापरीक्षक येऊन काय तपासणार? फार तर तो शिक्का मारून जाईल. म्हणून प्रमाणपत्राआधी वही हवी. ती वही विद्यार्थ्यांनीच ठेवली, तर तीच पर्यावरण विषयाची प्रयोगशाळा ठरते.

त्यासाठी आपण एक काल्पनिक महाविद्यालय घेऊ. कंधारसारख्या तालुक्याच्या गावी ते आहे. विद्यार्थी १०००, कामाचे दिवस वर्षाला २००, इमारतीचे छप्पर १००० चौरस मीटर, परिसर ५ हेक्टर. आता एकेक पान उघडू.

पहिले पान : पाणी

एक सोपे सूत्र फळ्यावर लिहून ठेवावे. एक चौरस मीटर जागेवर एक मिलीमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी मिळते. नांदेड जिल्ह्याचा सरासरी पाऊस वर्षाला ९०० मिलीमीटरच्या आसपास असतो. हिशेबासाठी आपण जरा हात राखून ८०० धरू. छप्पर १००० चौरस मीटर, म्हणजे छपरावर पडणारे पाणी ८ लाख लिटर. त्यातले काही उडून जाते, काही भिंतींवरून वाया जाते, पहिल्या पावसाचे धुळीचे पाणी सोडून द्यावे लागते. पाचवा भाग वजा केला तरी ६ लाख ४० हजार लिटर उरतात.

हा आकडा मोठा की लहान? तुलना करून पाहू. २०१६ च्या उन्हाळ्यात मांजरा धरण आटले. लातूर शहरात पाण्याच्या टाक्यांभोवती गर्दी होऊ नये म्हणून जमावबंदी लावावी लागली. १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वेगाडी लातूरला पोचली. तिला १० टाक्या होत्या आणि प्रत्येकीत सुमारे ५० हजार लिटर, म्हणजे एकूण ५ लाख लिटर पाणी होते. सुमारे ३५० किलोमीटर अंतर कापून आलेल्या त्या गाडीतल्या पाण्यापेक्षा आपल्या एका छपरावर दरवर्षी जास्त पाणी पडते!

पण इथेच थांबलो तर आपण विद्यार्थ्यांची दिशाभूल करू. गाडीतले पाणी एप्रिलमध्ये आले. छपरावरचे पाणी जून ते सप्टेंबर या काळात येते, तेव्हा विहिरीला पाणी असतेच. अवर्षणाच्या वर्षी पाऊस निम्माच झाला तर हातात ३ लाख २० हजार लिटरच राहतात. म्हणजे खरा प्रश्न पाणी किती मिळते एवढाच नाही. सप्टेंबरचे पाणी एप्रिलपर्यंत ठेवायचे कुठे, हाही आहे. जगत्तुंग समुद्र खोदणाऱ्यांनी नेमका हाच प्रश्न सोडवला होता.

आता खर्चाची बाजू पाहू. दिवसा भरणाऱ्या शाळा-महाविद्यालयांसाठी भारतीय मानक माणशी ४५ लिटर पाणी धरते. आपल्याकडे इतके पाणी मिळते कुठे? आपण माणशी १० लिटर धरू. एक हजार विद्यार्थी, दोनशे दिवस, म्हणजे वर्षाला २० लाख लिटर. छपराचे पाणी या गरजेच्या सुमारे एक तृतीयांश भरते. वसतिगृह असेल तर खर्च कितीतरी वाढतो. पाणी संपले की वसतिगृह बंद होते, मुले-मुली गावी जातात, आणि परीक्षा तोंडावर आलेली असते. पाण्याच्या पानावर अशी एक न लिहिलेली ओळ असते.

खडकात पाणी किती मावते?

सिमेंटची लाखो लिटरची टाकी बांधणे बहुतेक संस्थांना परवडत नाही. मग पाणी जमिनीत मुरवावे, असे आपण म्हणतो. पण जमीन म्हणजे काय?

कंधारचा परिसर दख्खनच्या काळ्या पाषाणाच्या पूर्व कडेजवळ येतो. पूर्वेला देगलूर-बिलोलीकडे गेले की ग्रॅनाइट जातीचे खडक लागतात. आपल्याकडे वर काळी माती, तिच्याखाली मुरूम, आणि खाली कातळ. काळी माती भिजली की फुगते आणि पाण्याची वाट अडवते. अखंड कातळात पाणी जवळजवळ मावतच नाही. पाणी राहते ते मुरमात आणि कातळाच्या भेगांत.

नदीकाठच्या वाळूचा एक घनमीटर घेतला आणि त्यातले पाणी निथळू दिले, तर शंभरातला पंधरा-वीस भाग पाणी मिळू शकते. झिजलेल्या काळ्या पाषाणातून मिळते फक्त २ भागांच्या आसपास. म्हणजे आपल्या पायाखालची टाकी आकाराने मोठी असली, तरी तिच्यात खडकच जास्त आहे.

आता हिशेब करू. आपल्या छपराचे ६४० घनमीटर पाणी ५ हेक्टर परिसराखाली मुरले असे समजू. पाच हेक्टर म्हणजे ५० हजार चौरस मीटर. त्याचा शंभरात २ भाग म्हणजे १०००. सहाशे चाळीस भागिले हजार, म्हणजे ०.६४ मीटर. पाण्याची पातळी सुमारे दोन फूट वर येईल.

टाकी लहान, म्हणून ती लवकर भरते आणि लवकर रिकामीही होते. मराठवाड्यातल्या विहिरी दोन चांगल्या पावसांत तुडुंब का होतात आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये तळ का दाखवतात, याचे उत्तर या '२' या आकड्यात आहे. शिवाय मुरलेले पाणी कुंपणाच्या आत थांबत नाही. ते उताराने ओढ्याकडे, तिथून मन्याड नदीकडे सरकते. म्हणजे महाविद्यालयाने मुरवलेल्या पाण्यातले काही शेजारच्या शेतकऱ्याच्या विहिरीत जाणार, आणि वरच्या अंगाला कोणी पाणी अडवले तर त्यातले काही आपल्या विहिरीत येणार. एकट्या संस्थेने आपल्यापुरते पुनर्भरण केले, असे होतच नाही. म्हणूनच राष्ट्रीय सेवा योजनेचे शिबिर वरच्या अंगाच्या गावात घेऊन तिथे बांध घालण्याला अर्थ आहे.

एक सावधगिरीही सांगायला हवी. पन्हळीचे पाणी गाळल्याशिवाय सरळ बोअरमध्ये सोडू नये. प्रयोगशाळेचे सांडपाणी तर शोषखड्ड्याच्या जवळपासही नको. भेगांतून घाण एकदा खाली गेली की ती बाहेर काढता येत नाही.

खड्डा केवढा हवा?

हवामानबदलाचा प्रश्न इथे येतो. हवा एक अंश सेल्सिअसने तापली की तिची बाष्प धरून ठेवण्याची क्षमता सुमारे ७ टक्क्यांनी वाढते. मग पाऊस थांबतो तेव्हा लांबतो आणि पडतो तेव्हा कोसळतो. भारत सरकारच्या पृथ्वीविज्ञान मंत्रालयाने २०२० साली काढलेल्या अहवालानुसार, १९०१ ते २०१८ या काळात देशाचे सरासरी तापमान सुमारे ०.७ अंशाने वाढले. मध्य भारतात एका दिवसात १५० मिलीमीटरहून जास्त पाऊस पडण्याच्या घटना १९५० ते २०१५ या काळात सुमारे ७५ टक्क्यांनी वाढल्या. ऑगस्ट २०२५ मध्ये कंधारच्या शेजारच्याच मुखेड तालुक्यात अतिवृष्टीने गावांत पाणी शिरले आणि मदतीला लष्कर बोलवावे लागले. ज्या भागाने २०१६ साली रेल्वेने आलेले पाणी पाहिले, त्याच भागाने नऊ वर्षांनी हेही पाहिले.

याचा आपल्या शोषखड्ड्याशी काय संबंध? समजा, तासाभरात ५० मिलीमीटर पाऊस झाला. छपरावरून ४० हजार लिटर पाणी खाली येईल. तीन मीटर लांब, तीन मीटर रुंद आणि तीन मीटर खोल खड्डा २७ घनमीटरचा होतो. त्यात दगडगोटे व वाळू भरली की पोकळी उरते ती ४० टक्क्यांच्या आसपास, म्हणजे सुमारे ११ हजार लिटर. बाकीचे पाणी ओसंडून रस्त्यावर जाईल. रिमझिम पावसासाठी पुरणारा खड्डा मुसळधार पावसाला पुरत नाही. म्हणून एक खड्डा खणून फोटो काढण्यापेक्षा परिसरात चार-पाच जागी पाणी मुरवावे आणि उताराच्या टोकाला एक तळे ठेवावे. पावसाची रीत बदलली की गणितही बदलावे लागते.

दुसरे पान : वीज

विजेचे पान लिहायला सोपे आहे, कारण मीटर लावलेलाच असतो. आपल्या देशात बरीच वीज अजून कोळशापासून होते. त्यामुळे एका युनिटमागे सरासरी सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो.

जुना छताचा पंखा ७५ वॅट वीज घेतो. नव्या प्रकारचा, ब्रशविरहित मोटरचा पंखा सुमारे ३० वॅट घेतो. असे ४० पंखे बदलले आणि ते रोज ६ तास, २०० दिवस चालले, तर बचत होते २१६० युनिटची. म्हणजे सुमारे दीड टन कार्बन डायऑक्साइड वाचतो. बिलातली बचत दरवर्षी मिळत राहते, ती वेगळी.

छपरावर १० किलोवॅटचे सौर पॅनेल बसवले तर महाराष्ट्रात वर्षाला साधारण १४ हजार युनिट वीज तयार होते. पण महाविद्यालयाला मे महिन्यात सुट्टी असते आणि ऊन तेव्हाच कडक असते. तेव्हाची वीज जाळ्यात परत देण्याची सोय असेल तरच हिशेब जुळतो. हे गणित पॅनेल बसवण्याआधी मांडायला हवे.

तिसरे पान : फाटकाबाहेर

आता एक पान असे, जे सहसा कोणी उघडत नाही. फाटकाजवळ उभ्या असलेल्या मोटारसायकली मोजा.

समजा, १०० विद्यार्थी २० किलोमीटरवरून मोटारसायकलने येतात. जाऊन-येऊन ४० किलोमीटर. लिटरला ५० किलोमीटर धरले तर रोज माणशी ०.८ लिटर पेट्रोल लागते. एक लिटर पेट्रोल जळले की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड होतो. म्हणजे रोज १.८४ किलो, वर्षाला ३६८ किलो. शंभर जणांचे मिळून सुमारे ३७ टन!

पंख्यांनी वाचवले होते दीड टन. ३७ टनांचा हा आकडा मात्र वीजबिलात दिसत नाही, कारण पेट्रोलचे पैसे पालक देतात.

हेच विद्यार्थी एस. टी.ने आले तर? बस लिटरला साडेचार किलोमीटर धावते असे धरू. चाळीस किलोमीटरला सुमारे ९ लिटर डिझेल लागते. एका लिटरमागे २.७ किलो या हिशेबाने सुमारे २४ किलो कार्बन डायऑक्साइड होतो. बसमध्ये ४० जण असतील तर माणशी ०.६ किलो, म्हणजे मोटारसायकलच्या एक तृतीयांश. आणि बस धावतच असेल, तिच्यात जागा रिकामी असेल, तर आणखी एकाच्या प्रवासाचा बोजा जवळजवळ शून्य.

मग मुले बस का सोडतात? बहुतेक वेळा कारण साधे असते. पहिला तास साडेसातला आणि बस पोचते आठला. दुपारी तास एकला संपतो आणि परतीची बस तीनला. ज्याच्या घरी मोटारसायकल आहे तो ती घेतो. ज्या मुलीला ती मिळत नाही, तिचे तास बुडतात, किंवा शिक्षणच थांबते. म्हणजे हवामानासाठी जे हिताचे, तेच मुलींच्या शिक्षणासाठीही हिताचे आहे. कोणत्या गावाहून किती विद्यार्थी येतात, याचा तक्ता करून आगारप्रमुखांना द्यावा. बसची वेळ बदलत नसेल तर तासाची वेळ बदलावी. याला खर्च कागदाचा आणि शाईचा.

झाडांचे काय?

झाडे अवश्य लावावीत. सावली, पक्षी, माती धरून ठेवणे, उन्हाळ्यात परिसर थंड राखणे, यासाठी झाडाला पर्याय नाही. पण जमाखर्चात त्यांची नोंद खरी करावी. चांगले वाढलेले झाड वर्षाला साधारण १० ते २० किलो कार्बन डायऑक्साइड शोषते, असे ढोबळ मानाने धरतात. दीड टनासाठी शंभर वाढलेली झाडे हवीत, रोपे नव्हेत. रोपाचे झाड व्हायला दहा-बारा वर्षे लागतात आणि मधले उन्हाळे त्याला पार करावे लागतात. म्हणून वहीत 'लावलेली झाडे' हा रकाना नको, 'तिसऱ्या उन्हाळ्यानंतर जगलेली झाडे' हा हवा. कडुलिंब, करंज, वड, पिंपळ ही इथल्या मातीला आणि पाण्याला सरावलेली झाडे त्या रकान्यात जास्त दिसतील.

कंधारने हे का करावे?

वर्गात एखादा चुणचुणीत विद्यार्थी हमखास विचारील, "सर, अमेरिकेतला माणूस वर्षाला सुमारे १४ टन कार्बन डायऑक्साइड सोडतो. भारतीय माणूस सोडतो सुमारे दोन टन. कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरचा वाटा तर त्याहूनही कमी. मग आम्हीच पंखे का मोजायचे?"

हा प्रश्न टाळू नये. तो न्यायाचा प्रश्न आहे आणि रास्त आहे. कंधारच्या सगळ्या महाविद्यालयांनी मिळून केलेल्या बचतीने जगाचे तापमान मोजता येईल इतके खाली येणार नाही. पण या हिशेबाकडे प्रायश्चित्त म्हणून पाहू नये. पाणी वाचले तर ते आपल्याच विहिरीत राहते. वीज वाचली तर पैसे आपल्याच संस्थेकडे राहतात. बस वेळेवर आली तर शिकते ती आपल्याच गावातली मुलगी. बदललेल्या पावसाचा मार ज्यांना आधी बसतो, त्यांना त्याची तयारीही आधी करावी लागते.

दुसरे असे की हेच विद्यार्थी उद्या सरपंच, अभियंता, तलाठी, शिक्षक आणि शेतकरी होणार आहेत. ज्याने एकदा स्वतः छप्पर मोजून पाण्याचा हिशेब केला, तो पुढे गावच्या आराखड्यातले आकडे डोळे मिटून मान्य करणार नाही.

करून पाहा

१. गळका नळ : थेंब मोजा. सेकंदाला एक थेंब पडत असेल तर दिवसाला ८६,४०० थेंब होतात. वीस थेंबांचा एक मिलिलिटर धरला तर ४.३ लिटर. असे दहा नळ वर्षभर गळले तर १५ हजार लिटरहून जास्त पाणी जाते. नळाखाली मोजपात्र ठेवून आपला आकडा काढा.

२. विहिरीची पातळी : दोरीला दगड बांधून दर महिन्याच्या एक तारखेला विहिरीतील पाण्याची खोली मोजा. शेजारी त्या महिन्याचा पाऊस लिहा. दोन्हींचा आलेख एकाच कागदावर काढा.

३. पर्जन्यमापक : सरळ भिंतीच्या, सपाट तळाच्या डब्यातही पाऊस मोजता येतो. तो उघड्यावर ठेवा, रोज सकाळी ठरावीक वेळी पट्टीने पाण्याची उंची मोजा आणि डबा रिकामा करा. किती दिवसांत वर्षाचा निम्मा पाऊस पडला, ते शेवटी मोजा.

४. वाहनगणना : कोण किती अंतरावरून, कशाने येते आणि का, हे विचारून तक्ता करा.

५. गेल्या बारा महिन्यांची वीजबिले मागून घ्या. सुट्टीच्या महिन्यात किती युनिट जळले ते पाहा. महाविद्यालय बंद असताना वीज कोण वापरत होते, याचा शोध रंजक असतो.

सक्तीच्या पर्यावरण प्रकल्पासाठी दुकानातून तयार वही आणण्यापेक्षा यातला एक तक्ता जास्त मोलाचा आहे. मात्र तो एका वर्षात पुरा होत नाही. पहिल्या तुकडीने वही सुरू करावी, दुसरीने ती पुढे न्यावी. पाच वर्षांची नोंद जमली की लेखापरीक्षकाला दाखवायला आपल्याजवळ खरोखरीचा लेखा असेल, आणि पाच वर्षांनी विद्यार्थ्याला विचारले की 'तुझ्या महाविद्यालयाला किती पाणी लागते', तर तो वही उघडून उत्तर देईल.